दोन भाऊ आणि एकसारखा रिपोर्ट

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी ताईचा सांगलीहून फोन आला, "तुला ते लाटाबिटांचं कळतं ना, मग हे बघ जरा आणि सांग," आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर २२-२२ पानांच्या दोन पीडीएफ. लाटाबिटांचं म्हणजे असं की मी चाकणला गिअरबॉक्सच्या आवाजाचं आणि व्हायब्रेशनचं टेस्टिंग करतो, सेन्सर लावायचा, सिग्नल घ्यायचा, त्याचा एफएफटी काढायचा (म्हणजे गणिताने सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीत फोडायचा) आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला काय वाजतंय ते शोधायचं. डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, नुसता मामा आहे, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबानेच वाचा.

ताईची दोन्ही मुलं ऑटिस्टिक आहेत, थोरला १३ चा, धाकटा ८ चा. लोकांना वाटतं एकाच घरातली, एकाच आईबापाची, म्हणजे दोघं सारखीच असतील. प्रत्यक्षात काय आहे ते बघायचं असेल तर ताईच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट करायच्या वेळी जाऊन उभं राहा. मिक्सर सुरू झाला की थोरला दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे गच्च मिटून थेट गॅलरीत, आणि बंद झाला तरी पाच-दहा मिनिटं आत येत नाही. धाकटा त्याच वेळी कुठेही असो, धावत येतो आणि ओट्यावर गाल टेकवून उभा राहतो, त्या थरथरीत त्याला काय मिळतं देव जाणे पण चेहरा असा होतो की ताई कधीकधी रिकामा मिक्सर फिरवते त्याच्यासाठी. थोरला बोलतो, नुसता बोलत नाही तर एसटीच्या वेळा आणि डेपो यावर समोरचा दमेपर्यंत बोलतो. धाकट्याचे शब्द मोजून पंचवीस-तीस.

आणि त्या दोन पीडीएफ? नाव आणि वय सोडलं तर जवळजवळ सारख्या.

एका सेंटरवाल्यांनी 'ब्रेन मॅपिंग' केलेलं. पहिली दोन पानं जाहिरात, मग डोक्याचे गोल गोल नकाशे, लाल-पिवळे-हिरवे-निळे, आणि शेवटी निष्कर्ष: दोघांच्याही मेंदूत पुढच्या भागात लाटा संथ, थीटा वाढलेला, 'टिपिकल ऑटिझम पॅटर्न'. उपाय: न्यूरोफीडबॅकच्या (म्हणजे स्वतःच्या मेंदूच्या लाटा पडद्यावर बघत त्या बदलायच्या सरावाच्या) ४० सिटिंग, प्रत्येकाला. एका सिटिंगचे ९०० म्हणजे दोघांचे मिळून ७२ हजार. दाजींनी अर्धे भरायची तयारी केलेली, ताईचं मन खात होतं म्हणून फोन.

आता हे मशीन काय करतं ते आधी. आहे साधा ईईजीच, डोक्याला टोपी घालून जेल लावून १९ ठिकाणचं व्होल्टेज मोजायचं. १९२४ मध्ये जर्मनीत येना इथे हान्स बर्गरने माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा हे मोजलं, १९२९ ला छापलं, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. चार हर्ट्झच्या खाली डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते साधारण तेरा अल्फा, त्यावर तीसपर्यंत बीटा, त्याच्याही वर गॅमा. 'मॅपिंग' म्हणजे त्या सिग्नलचा एफएफटी काढून यातल्या प्रत्येक बँडमध्ये, म्हणजे पट्ट्यात, किती पॉवर आहे ते बघायचं, त्या वयाच्या बाकीच्या मुलांच्या साठवलेल्या डेटाशी तुलना करायची आणि सरासरीपासून किती लांब त्याला रंग द्यायचा. दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्या मापाच्या दुपटीच्या) पुढे गेलं की लाल. म्हणजे आमच्याच धंद्यातली गोष्ट निघाली, फक्त गिअरबॉक्सच्या जागी माझा भाचा.

पहिलं काय केलं तर मोजणी. १९ जागा गुणिले ५ बँड म्हणजे ९५ आकडे. काहीही गडबड नसलेल्या मुलाचे जरी ९५ आकडे काढले तरी सरासरी चार-पाच आकडे नुसत्या योगायोगाने दोनच्या पलीकडे जाणार, हे गणितच आहे, आणि लाल रंग काही सांगत नाही की मी योगायोगाने लाल झालोय. पण थोरल्याच्या रिपोर्टमध्ये चार-पाच नव्हते, बरेच होते, सगळे पुढच्या बाजूला. तेव्हा नुसतं योगायोग म्हणून सोडता येईना.

मग विचारलं, रेकॉर्डिंगच्या वेळी मुलं काय करत होती. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, सेन्सर नीट बसलेला का, टेस्ट बेंच हलत होता का, कारण निम्म्या वेळा दोष गिअरमध्ये नसून फिक्स्चरच्या सैल बोल्टमध्ये निघतो. ताईने सुदैवाने व्हिडिओ काढलेले (थेरपीवाले सारखे व्हिडिओ मागतात म्हणून तिला सवयच आहे). थोरला खुर्चीत बसून डोलतोय. तो टेन्शनमध्ये डोलतोच. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं, मिनिटाला ५४ वेळा, म्हणजे ०.९ हर्ट्झ. डोकं हललं की टोपी हलते, वायरी हलतात, आणि त्या हलण्याचं व्होल्टेज सिग्नलमध्ये जातं. बरं डोलणं काही शुद्ध साइन वेव्ह नसते, त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, १.८ ला, २.७ ला, ३.६ ला असे वर चढत थेट थीटाच्या दारात. वर तो डोळे मिटतच नव्हता, टेक्निशियन "डोळे मीट बाळा" म्हणतेय आणि हा पंख्याकडे बघून पापण्या फडफडवतोय, आणि पापणीची प्रत्येक हालचाल पुढच्या इलेक्ट्रोडवर मोठा संथ ठोका देते हे ईईजी शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे. म्हणजे 'पुढच्या भागात लाटा संथ'.

धाकट्याचं वेगळंच. सेंटरवाल्यांनी सांगितलेलं की मुलाची झोप कमी करून आणा. ही सूचना खरी असते पण ती फिट्सच्या तपासणीच्या ईईजीला, कारण पेंगताना आणि झोपेत काही गोष्टी जास्त दिसतात. ताईने बिचारीने पहाटे साडेतीनला उठवलेलं. व्हिडिओत पोरगं तीनदा जांभई देतंय आणि शेवटी मान टाकून झोपलंय. पेंगुळलेल्या माणसाचा अल्फा कमी होऊन थीटा वाढतो, कोणाचाही, माझाही, तुमचाही. आणि त्याची तुलना केलेली कोणाशी, तर टक्क जागं बसलेल्या मुलांशी.

म्हणजे एक डोलत होता, एक पेंगत होता, आणि मशीनने दोघांना एकच छाप मारला.

दाजींना हे सांगितलं तर ते गप्प बसले आणि मग जो प्रश्न विचारला तो खरा प्रश्न होता. "बरं ते रेकॉर्डिंग चुकलं असेल, पण नीट केलं तर दिसेल ना? ऑटिझमचा म्हणून एक पॅटर्न असेलच की मेंदूत." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन-तीन रविवार मी तेच वाचत बसलो.

झालंय असं. २००४ च्या सुमारास अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एफएमआरआयवरून (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते रक्तप्रवाहावरून दाखवणारा स्कॅन) मांडलं की ऑटिझममध्ये मेंदूच्या लांब लांब भागांमधला ताळमेळ कमी पडतो. कल्पना फार गाजली, पटण्यासारखीही होती. मग २०१२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून पेपर आला की स्कॅनरमध्ये डोकं मिलीमीटरच्या अंशाने जरी हललं तरी लांबची कनेक्शन्स खोटी कमी आणि जवळची खोटी जास्त दिसतात. आता स्कॅनरमध्ये जास्त चुळबुळ कोण करणार? लहान मुलं, आणि ऑटिस्टिक मुलं. सगळे जुने निकाल खोटे ठरले असं नाही, पण किती खरे आणि किती हलणाऱ्या डोक्याचे हे पुन्हा तपासत बसावं लागलं. मला वाचताना हसू आलं, अरे हा तर सैल बोल्टच.

त्याच वर्षी वेगवेगळ्या लॅबनी आपापले स्कॅन एकत्र करून सगळ्यांना खुले केले, १७ ठिकाणचे, १११२ लोकांचे, त्यातले ५३९ ऑटिस्टिक. या साठ्याला अबाइड म्हणतात. आणि त्यातून २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या अविटाल हहामी आणि राफाएल मालाख यांनी कार्नेगी मेलनच्या मार्लीन बेरमन यांच्यासोबत जे काढलं ते वाचून मी दाजींना रात्री साडेदहाला फोन केला.

गिअरबॉक्समध्ये सांगतो म्हणजे पटकन कळेल. समजा शंभर वाजणाऱ्या पेट्या आहेत, एकीचा दात ३०० हर्ट्झला वाजतोय, दुसरीचं बेअरिंग ४७० ला, तिसरीचं आणखी कुठे. शंभरांचे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून सरासरी काढली तर काय मिळतं? एक सपाट, गुळगुळीत रेघ. एकाही पेटीचा आवाज त्यात नाही. आणि ती सपाट रेघ बघून कोणी म्हणालं की 'वाजणाऱ्या पेट्यांमध्ये सगळंच थोडं थोडं कमी असतं' तर ते सरासरीबद्दल खरं आणि प्रत्येक पेटीबद्दल खोटं. हहामींनी नेमकं हेच दाखवलं. ऑटिझम नसलेल्या लोकांचे कनेक्शनचे नकाशे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होते. ऑटिस्टिक लोकांचे त्या सामायिक नकाशापासून सरकलेले होते, पण प्रत्येकाचे वेगळ्या दिशेला, स्वतःच्या पद्धतीने. म्हणून गट करून सरासरी काढली की जिथे कनेक्शन जोरात असायला हवं तिथे कमी दिसतं, जिथे कमी हवं तिथे जास्त दिसतं, आणि मग एक लॅब म्हणते कनेक्शन कमी, दुसरी म्हणते जास्त. भांडण वर्षानुवर्षं चालू. दोघीही सरासरीच बघत होत्या.

(हे ऐकवल्यावर ताईने मागून फोन घेतला आणि म्हणाली, "माझी पोरं गिअरबॉक्स नाहीत, आणि खराब तर मुळीच नाहीत." बरोबर आहे तिचं. मी उदाहरण बदललेलं नाही कारण मला दुसरं येत नाही, पण 'खराब' शब्द काढला.)

त्याच वर्षीची अजून एक गोष्ट मला जास्त आवडली कारण ती छोटी आहे. इंडियाना युनिव्हर्सिटी आणि कॅलटेकच्या लोकांनी १७ ऑटिस्टिक आणि २० बिगर-ऑटिस्टिक मोठ्या माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून टीव्हीवरच्या एका कॉमेडी मालिकेचा एपिसोड दाखवला, आणि एकाचा मेंदू दुसऱ्याच्या मेंदूसोबत किती तालात चालतो ते बघितलं. गट म्हणून निकाल आला अपेक्षेप्रमाणे, ऑटिस्टिक गटात ताल कमी. इथेच थांबले असते तर बातमी झाली असती. पण त्यांनी एकेक माणूस उलगडून बघितला, तर सगळा फरक पाच जणांमुळे होता. बाकीचे बारा तालात, त्या वीस जणांसारखेच. आणि ते पाच जण कोण, तर ज्यांना एपिसोडमधली माणसं एकमेकांशी तशी का वागतात, हेच नीट समजलं नव्हतं. निदान सतराही जणांचं एकच. मी दाजींना एवढंच म्हणलं, तुमचे दोन आहेत, त्यातला कोण पाचात आणि कोण बारात हे तो नकाशा सांगू शकतो का? शिवाय हे सगळं एफएमआरआयवर, कोट्यवधीच्या मशीनवर, हालचाल तपासून, आणि तेही निदान करायला नाही तर समजून घ्यायला.

दाजी मूळचे शेतकरी घरातले, म्हणाले, "एकाच सरीतले दोन ऊस सारखे नसतात, पण बेणं तर एकच ना?" म्हणजे आनुवंशिकता. त्यावरही सापडलं. टोरंटोच्या संशोधकांनी ८५ अशी कुटुंबं घेतली ज्यात दोन-दोन मुलं ऑटिस्टिक, सगळ्यांचा पूर्ण जीनोम वाचला, आणि जिथे ऑटिझमशी संबंध लावता येईल असे बदल सापडले तिथे साधारण ६९ टक्के भावंडांमध्ये ते बदल वेगवेगळे निघाले. सख्खी भावंडं हां. हेही २०१५ चंच.

आणि गंमत बघा, सरकारी सर्टिफिकेटमध्येही तीच सरासरी. दोघांचं आयसा केलेलं, म्हणजे २००९ पासूनची आपली भारतीय चाचणी, ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. थोरला ११२, धाकटा १०९. १०७ ते १५३ म्हणजे मध्यम, म्हणून दोघंही 'मध्यम'. मी त्या शीट मागवून शेजारी ठेवल्या. थोरल्याचे गुण चढलेत ते बदल सहन न होणं, आवाज, तेच तेच विषय यात. धाकट्याचे बोलणं, नावाला प्रतिसाद, वस्तूंना हात लावत राहणं यात. बेरीज सारखी, आतलं काहीच सारखं नाही. सवलतींसाठी बेरीज लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही, पण थेरपी बेरजेवर देता येत नाही.

आता ज्याचा प्रत्यक्षात उपयोग झाला ते. ताईची एक तक्रार होती की थोरल्याचं मिक्सरशी काही ठरलेलं नाही, मंगळवारी चालतो, गुरुवारी त्याच आवाजाला रडतो, त्यामुळे सासूबाईंना वाटतं नाटक आहे. याच्या जवळचं मला २०१२ च्या एका प्रयोगात सापडलं, इलान दिनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा, ऑटिस्टिक लोकांना तोच आवाज, तेच दृश्य, तोच स्पर्श पुन्हा पुन्हा दिला तर मेंदूच्या प्रतिसादाची सरासरी उंची बाकीच्यांइतकीच, पण दर वेळचा प्रतिसाद वेगळा, वरखाली जास्त. आमच्या भाषेत साइझ बरोबर, रिपीटेबिलिटी नाही. लगेच नाचू नका, २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने ईईजीवर तेच तपासलं तर त्यांना हा फरक मिळालाच नाही. म्हणजे काहींच्यात असेल, काहींच्यात नसेल. मग आपल्या मुलाचं काय, तर आपल्या मुलाचंच मोजायचं.

शंभरपानी वही आणली. तीन आठवडे ताईने फक्त मिक्सर लिहिला: वेळ, आधी सांगितलं का, घरात अजून काय वाजत होतं, थोरल्याने काय केलं, धाकट्याने काय केलं. ३१ वेळा मिक्सर लागला, थोरला १४ वेळा पळाला. आवाजाच्या मोठेपणाशी काही संबंध दिसेना, चटणीचं छोटं भांडं असो नाहीतर इडलीचं पीठ. पण त्या १४ पैकी १२ वेळा मिक्सर न सांगता लागलेला, आणि जेव्हा जेव्हा ताईने "लावतेय हां" म्हणून दोन सेकंद थांबून लावला तेव्हा तो बहुतेक वेळा जागेवरच होता, कानावर हात ठेवून का होईना. म्हणजे त्याचं भांडण आवाजाशी कमी आणि अचानकपणाशी जास्त. धाकट्याच्या रकान्यात भलतंच निघालं. मिक्सर, पंखा, मोटर चालू असताना त्याला हाक मारली तर तो एकदाही वळला नाही, बंद असताना दहातल्या चार वेळा तरी वळतो. त्याला घरघर आवडते पण घरघरीतून शब्द वेगळा काढता येत नाही बहुतेक. आणि त्याची स्पीच थेरपी चालायची कुठे, तर घरघरणाऱ्या जुन्या कूलरखाली! मॅडमना सांगितलं, त्यांनी कूलर बंद करून बघितला, आता घामाघूम होतात पण तो बघतो तरी तोंडाकडे.

असं नाही की ईईजी बिनकामाचा. वही लिहिताना ताईच्या लक्षात आलं की धाकटा मधेच काही सेकंद एका जागी टक लावून थांबतो, हलवलं तरी नाही. ऑटिझमसोबत फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी रीतसर ईईजी केला, झोपेसकट, आणि लाटा बघणाऱ्या माणसाने बसून पान पान वाचला. फिट्सचं काही निघालं नाही. तिथे प्रश्न नेमका होता म्हणून उत्तरही नेमकं मिळालं. नकाशे दाखवले तर डॉक्टरांनी एक मिनिट चाळून परत दिले आणि म्हणाले ऑटिझमचं निदान लाटांवरून होत नाही, मूल बघून होतं.

सिटिंग घेतल्या नाहीत. दाजींचं मन अजून पूर्ण मानत नाही, त्यांच्या ऑफिसमधल्या कोणाच्या मुलाला फरक पडला म्हणतात, मी त्यावर वाद घालत नाही. हॉलंडमधल्या एका ट्रायलमध्ये ऑटिस्टिक किशोरवयीन मुलांवर न्यूरोफीडबॅकने ऑटिझमच्या लक्षणांत ठोस फरक पडला नाही, हे एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. बाप आहे, काहीतरी करावंसं वाटणारच.

दिवाळीला गेलो तेव्हा फराळाची गडबड, मिक्सर दिवसभर. थोरल्याने आता ते काम स्वतःकडे घेतलंय, ताईने भांडं बसवलं की तो दारात उभा राहून घोषणा करतो, "मिक्सर फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे," मग कानावर हात, मग मानेने खूण, मग बटण. दोनदा तरीही पळाला. धाकट्याने रिपोर्टच्या कागदांची वाट लावलेली. त्याने दोन्ही फाईलमधले डोक्याचे गोल नकाशे कात्रीने कापून काढलेत, दादाचे आणि स्वतःचे मिसळून, आणि दिवाणाखाली फरशीवर लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा अशी लांबलचक रांग लावून ठेवलीय, आणि झाडताना एखादा सरकला तर कुठला होता ते त्याला बरोबर माहीत असतं.